हीटरमधून थंड हवा येते तेव्हा

मध्य प्रदेशातील जबलपूर जिल्ह्यात, कर्कवृत्ताच्या अगदी जवळ, मझौली हे तहसिलीचे गाव आहे. कलचुरिकालीन विष्णुवराहाच्या मूर्तीमुळे ते अभ्यासकांना परिचित आहे. उन्हाळ्यात येथील उकाडा विदर्भाची आठवण करून देणारा असतो. डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या अखेरीपर्यंत मात्र रात्रीचा पारा अनेकदा १० अंश सेल्सिअसच्या खाली उतरतो आणि पहाटे शेतांवर दाट धुके उतरते. जबलपूर जिल्हा हिरव्या वाटाण्यासाठी प्रसिद्ध आहे आणि त्याचा हंगामही नेमका याच दिवसांत असतो. त्यामुळे धुके असो वा नसो, भल्या पहाटे रस्त्यावर वाहने असतातच.

अशा एखाद्या सकाळी मोटारीत चार माणसे बसली की त्यांच्या श्वासातील बाष्पाने समोरची काच आतून पांढरी होते. चालक हीटरचे बटण लाल खुणेकडे फिरवतो, पंखा पूर्ण वेगाने लावतो आणि दहा-पंधरा मिनिटे गेली तरी झोतातून थंडगार हवाच येत राहते. काच पुसायला रुमाल काढला जातो. बाहेर धुके आणि आत वाफ अशा स्थितीत गाडी तशीच पुढे दामटली जाते.

नागपूर आणि जबलपूर ही शहरे १९५६ पर्यंत एकाच प्रांतात होती. विदर्भातील अनेक मराठी कुटुंबांचे जबलपूरकडे आजही जाणे-येणे आहे. नागपुरातून सिवनी, लखनादौनमार्गे जबलपूर आणि तेथून सिहोऱ्याकडे जाणारा रस्ता हा जुना राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ७. या रस्त्याने थंडीत प्रथमच उत्तरेकडे निघालेल्या महाराष्ट्रातील गाडीचा हीटर वर्षानुवर्षे कोणी लावूनही पाहिलेला नसतो. बिघाड केव्हाच झालेला असतो. तो कळतो फक्त थंडीत. असा बिघाड केवळ गैरसोयीचा आहे, असे समजणे मात्र चुकीचे ठरेल. काही वेळा हीटरमधून येणारी थंड हवा ही इंजिन निकामी होण्याच्या बेतात असल्याची पहिली, आणि कधीकधी एकमेव, सूचना असते.

उष्णता येते कोठून?

पेट्रोल किंवा डिझेलवर चालणाऱ्या मोटारीच्या हीटरला स्वतःची शेगडी नसते, ही गोष्ट प्रथम लक्षात घेतली पाहिजे. इंधनाच्या ज्वलनातून जी ऊर्जा निर्माण होते, तिचा साधारण एक-तृतीयांश भागच, बहुधा त्याहूनही कमी, चाके फिरविण्याच्या कामी येतो. तेवढाच मोठा वाटा धुराबरोबर बाहेर पडतो आणि उरलेला इंजिनाच्या धातूत जमा होतो. ही उष्णता वाहून नेण्यासाठी इंजिनाच्या भिंतींमधील पोकळ्यांतून पाणी व रसायन यांचे मिश्रण खेळविलेले असते. त्यालाच कूलंट म्हणतात. वॉटर पंप ते फिरवितो आणि पुढच्या जाळीमागचा रेडिएटर ते थंड करतो.

याच प्रवाहाचा एक लहानसा फाटा दोन रबरी नळ्यांवाटे डॅशबोर्डच्या आत नेलेला असतो. तेथे बारीक नळ्या व पत्र्यांची एक छोटी जाळी बसविलेली असते. तिला हीटर कोर किंवा गॅरेजच्या भाषेत हीटर कॉइल म्हणतात. ही जाळी म्हणजे एक छोटा रेडिएटरच होय. ब्लोअरचा पंखा तिच्यावरून हवा फेकतो आणि ती हवा तापून आत येते. गरम हवा किती आणि थंड हवा किती, याचे प्रमाण एक झडप ठरविते. काही गाड्यांत त्याच्या जोडीला नळीवर पाण्याचा एक छोटा व्हॉल्व्हही असतो. अमेरिकेतील नॅश कंपनीने १९३८ मध्ये बाहेरची ताजी हवा आत ओढून गरम पाण्याच्या जाळीवरून सोडणारी व्यवस्था आपल्या मोटारींत दिली. आजच्या हीटरचे तत्त्वही मूलतः तेच आहे.

हीटर लावल्याने एअर कंडिशनरप्रमाणे इंधन अधिक लागते, हा समज म्हणूनच निराधार आहे. एअर कंडिशनरचा कॉम्प्रेसर इंजिनाकडून शक्ती घेतो. हीटर मात्र एरवी वाया जाणारी उष्णताच वापरतो. ब्लोअरसाठी लागणारी थोडी वीज सोडल्यास त्याचा खर्च नाही. पूर्णतः विजेवर चालणाऱ्या मोटारींत फुकटची एवढी उष्णता उपलब्ध नसल्याने तेथे विजेचा हीटर किंवा हीट पंप असतो. त्यांचा विचार या लेखात केलेला नाही.

आधी काटा पाहावा

हवा थंड येत असेल तर सर्वप्रथम डॅशबोर्डवरील तापमानाच्या काट्याकडे पाहावे. इंजिन नुकतेच सुरू केले असेल तर काही मिनिटे थांबणे हाच उपाय आहे. इंजिन स्वतःच तापलेले नसताना ते उष्णता देणार कोठून? डिझेलच्या गाड्यांना, विशेषतः त्या एका जागी उभ्या ठेवून तापविल्या जात असतील तर, अधिक वेळ लागतो. अलीकडच्या अनेक गाड्यांत काटा नसून निळा दिवा असतो. तो विझेपर्यंत हीटरकडून फारशी अपेक्षा ठेवू नये.

पंधरा-वीस मिनिटे गाडी चालवूनही काटा मध्याच्या बराच खाली राहत असेल, किंवा उतारावर आणि मोकळ्या रस्त्यावर तो खाली घसरत असेल, तर दोष बहुधा थर्मोस्टॅटचा असतो. काटा नेहमीच्या जागी असूनही हवा थंड येत असेल तर अडचण हीटरच्या नळ्यांत, जाळीत किंवा झडपेत असू शकते. कूलंट कमी झाले असण्याचीही शक्यता असते. गाडी उभी असताना हवा थंड आणि वेग घेतल्यावर गरम, असा प्रकार असेल तर कूलंट कमी झाल्याचा किंवा आत हवा अडकल्याचा संशय अधिक बळावतो. क्वचित वॉटर पंपही दुबळा झालेला असतो.

काटा लाल पट्ट्याकडे चढत आहे आणि हीटरमधून मात्र थंड हवा येत आहे, ही सर्वांत गंभीर स्थिती होय. इंजिन तापले आहे. पण ती उष्णता वाहून आणणारा द्रव हीटरपर्यंत पोहोचत नाही, असा तिचा अर्थ. येथे क्षणाचाही विलंब न लावता गाडी सुरक्षित जागी घेऊन इंजिन बंद करावे.

यातील एक मेख अनेक अनुभवी चालकांनाही ठाऊक नसते. काट्याला माहिती पुरविणारा सेन्सर कूलंटमध्ये बुडालेला असतो, आणि बुडालेला असेपर्यंतच तो खरे सांगतो. कूलंट बरेचसे गळून गेले की तो हवेत किंवा वाफेत उघडा पडतो आणि काटा निर्धास्तपणे मध्यावर किंवा त्याहूनही खाली राहू शकतो. हीटरची जाळी व नळ्या पुष्कळ गाड्यांत उंचावर असल्याने पातळी उतरू लागताच त्या आधी कोरड्या पडतात. म्हणून इतका वेळ गरम येणारी हवा प्रवासात अचानक थंड झाली, तर काटा काहीही दाखवीत असला तरी थांबलेच पाहिजे.

पातळी, पाणी आणि झाकण

कूलंटची पातळी सकाळी, इंजिन पूर्ण थंड असताना पाहावी. बॉनेटखालच्या अर्धपारदर्शक प्लास्टिकच्या टाकीवर किमान व कमाल अशा दोन खुणा असतात. पातळी त्यांच्या दरम्यान असावी. रेडिएटरला स्वतंत्र झाकण असलेल्या जुन्या गाड्यांत टाकी भरलेली असूनही रेडिएटर रिता असू शकतो. त्यामुळे अशा गाडीत थंड स्थितीत ते झाकणही उघडून पाहणे इष्ट.

गरम इंजिनाचे झाकण मात्र कोणत्याही परिस्थितीत उघडू नये. या बंदिस्त व्यवस्थेत बाहेरच्या वातावरणापेक्षा साधारण दुप्पट दाब राखलेला असतो. त्या दाबाखाली साधे पाणीसुद्धा १०० ऐवजी सुमारे १२० अंशांपर्यंत उकळत नाही. झाकण सैल होताच दाब नाहीसा होतो आणि आतील द्रवाचा क्षणार्धात वाफेसह फवारा उडतो. चेहरा आणि हात भाजण्याचे असे अपघात महामार्गांच्या कडेला घडतात, आणि त्यामागे बहुतेक वेळा घाईच असते. किमान अर्धा तास, शक्यतो त्याहून अधिक वेळ थांबावे. तापलेल्या इंजिनात एकदम थंड पाणी ओतल्यास धातूला तडा जाऊ शकतो, हेही ध्यानात ठेवावे.

पातळी एकदा भरून पुन्हा कमी झाली तर गळती शोधणे भाग आहे. गाडीखाली हिरवा, गुलाबी किंवा निळसर ओलावा दिसत असेल तर नळ्या, रेडिएटर किंवा पंप तपासावा. पुढच्या सीटसमोरचा गालिचा ओला होत असेल, आत गोडसर वास येत असेल आणि काचेवर पुसूनही न जाणारा तेलकट थर साचत असेल, तर हीटरची जाळीच गळते आहे, असे समजावे. गळती कोठेच दिसत नाही, तरीही कूलंट कमी होते आणि टाकीत सतत बुडबुडे येतात, अशा वेळी हेड गॅस्केट फुटल्याची शंका घ्यावी. त्याचे आणखी एक लक्षण म्हणजे सायलेन्सरमधून निघणारी पांढरी वाफ. थंडीच्या सकाळी प्रत्येक गाडी थोडी वाफ सोडतेच. इंजिन पूर्ण तापल्यावरही ती थांबली नाही, तरच चिंतेचे कारण आहे.

आपल्याकडे कूलंटऐवजी विहिरीचे किंवा बोअरचे पाणी भरण्याची सवय जुनी आहे. मझौलीच काय, महाराष्ट्रातील बहुतेक भागांतही इंजिनातील पाणी गोठण्याची भीती नसते. मग महागडे रसायन कशाला, असा युक्तिवाद केला जातो. निम्मे पाणी व निम्मे इथिलिन ग्लायकॉल यांचे मिश्रण उणे ३५ अंशांच्याही खाली गोठत नाही, आणि एवढ्या थंडीची आपल्याला गरज नाही, हे खरेच. परंतु कूलंटचे आपल्या दृष्टीने महत्त्वाचे काम वेगळे आहे. ते गंज रोखते आणि उत्कलनबिंदू वाढविते. जड पाण्यातील क्षार तापल्यावर भांड्याला बसतात तसेच इंजिनातही बसतात. त्यांचे थर आणि गंजाचा गाळ प्रथम अडकतात ते सर्वांत बारीक नळ्यांत, म्हणजे हीटरच्या जाळीत. रस्त्यात अडचण आली तर पिण्याचे स्वच्छ पाणी घालून गाडी गॅरेजपर्यंत नेण्यास हरकत नाही. त्यानंतर मात्र योग्य मिश्रण भरून घ्यावे. बाजारात तयार मिश्रण आणि पाणी घालावे लागणारे सांद्र द्रावण असे दोन्ही प्रकार मिळतात. डब्यावरील सूचना वाचल्याशिवाय ते ओतू नये.

इथिलिन ग्लायकॉल विषारी आहे आणि त्याची चव गोड असते. अंगणात सांडलेले किंवा पाण्याच्या जुन्या बाटलीत भरून ठेवलेले कूलंट लहान मुले आणि जनावरे यांच्यासाठी प्राणघातक ठरू शकते.

काढून टाकलेला थर्मोस्टॅट

महाराष्ट्रातील गाड्यांच्या बाबतीत थंड हीटरचे एक कारण वेगळ्या उल्लेखास पात्र आहे. थर्मोस्टॅट हे बिघडलेले नसते. ते गाडीत नसतेच.

थर्मोस्टॅट म्हणजे इंजिन आणि रेडिएटर यांच्या दरम्यानचा स्वयंचलित दरवाजा. त्यात मेणासारखा पदार्थ भरलेली एक छोटी धातूची कुपी असते. कूलंट थंड असताना हा दरवाजा बंद राहतो. द्रव इंजिनातच फिरतो आणि लवकर तापतो. साधारण ८२ ते ९० अंशांच्या दरम्यान मेण वितळून प्रसरण पावते, दरवाजा उघडतो आणि द्रव रेडिएटरकडे जाऊ लागतो. हा भाग जुना झाला की अडकतो. बंद स्थितीत अडकला तर गाडी उकळते. असा अनुभव एखाद्या उन्हाळ्यात आला की मेकॅनिक तो काढून टाकतो आणि आपल्या हवेत याची गरजच नाही, असे मालकाला सांगतो. चंद्रपूर-नागपूरच्या ४५ अंशांच्या उन्हात हे म्हणणे पटतेही.

शास्त्रीयदृष्ट्या ते टिकत नाही. बाहेर कितीही ऊन असले तरी इंजिनाला हवे असलेले तापमान त्याच्या दुप्पट आहे. शिवाय इंजिन गरम झाल्यावर चांगला थर्मोस्टॅट पूर्ण उघडलेलाच असतो. म्हणजे तो काढून टाकल्याने कडक उन्हाळ्यात जो लाभ होईल असे वाटते, तो प्रत्यक्षात फारच थोडा असतो. थंडीत मात्र नुकसान निश्चित होते. रेडिएटरकडे जाणारा मार्ग सदैव मोकळा राहिल्याने, महामार्गावर थंड वारा लागताच इंजिन तापण्याऐवजी गार होत जाते. इंजिन अजून थंडच आहे असे समजून नियंत्रक संगणक अधिक इंधन सोडत राहतो. गाडीचा ॲव्हरेज घटतो, तेलात ओलावा साचतो, सिलिंडरची झीज वाढते. प्रवाशांना यांपैकी काहीच जाणवत नाही. हीटर कोमट आहे एवढेच काय ते जाणवते.

हा दोष ओळखण्याची रीत सोपी आहे. रात्रभर उभी असलेली गाडी सुरू करावी आणि रेडिएटरला वरच्या बाजूने जोडलेली जाड नळी अधूनमधून, पंखा व पट्ट्यांपासून हात दूर ठेवून, चाचपावी. बहुतेक गाड्यांत पहिली काही मिनिटे ती थंड राहिली पाहिजे आणि मग थोड्याच वेळात चांगली गरम झाली पाहिजे. ती सुरुवातीपासून हळूहळू कोमट होत गेली, तर थर्मोस्टॅट उघडा अडकलेला आहे किंवा काढलेला आहे. जुनी गाडी विकत घेणाऱ्यांनी ही चाचणी अवश्य करावी. नवा थर्मोस्टॅट ही इंजिनाच्या मोठ्या दुरुस्तीच्या तुलनेत अगदी किरकोळ खर्चाची बाब आहे.

दोन नळ्यांची परीक्षा

काटा योग्य जागी आहे, कूलंटही पुरेसे आहे, तरी हवा थंडच आहे; अशा वेळी लक्ष हीटरच्या दोन नळ्यांकडे वळवावे. इंजिनाच्या खोलीतून केबिनकडे जाणाऱ्या त्या बारीक रबरी नळ्या होत. इंजिन तापल्यावर, हीटर पूर्ण गरमवर ठेवून काही मिनिटांनी गाडी बंद करावी, चावी काढावी आणि मगच त्या सावधपणे चाचपाव्यात. चावी काढण्याचे कारण असे की, रेडिएटरचा विजेचा पंखा काही गाड्यांत इंजिन बंद असतानाही आपोआप सुरू होतो.

दोन्ही नळ्या गरम असतील तर उष्णता आतपर्यंत पोहोचत आहे. दोष हवेच्या झडपेत आहे. झडपेची तार निसटलेली असते किंवा, बटणावर चालणाऱ्या गाड्यांत, तिची छोटी मोटर निकामी झालेली असते. तापमान बदलताना डॅशबोर्डमागून टिकटिक असा आवाज येणे ही त्याची खूण. एक गरम व दुसरी थंड असेल तर जाळी गाळाने तुंबली आहे किंवा व्हॉल्व्ह बंद स्थितीत अडकला आहे. दोन्ही थंड असतील तर प्रवाहच नाही. नुकतेच कूलंट बदलले असेल आणि त्यानंतर हे सुरू झाले असेल, तर आत हवा अडकली आहे. ती कशी काढायची, हे गाडीगणिक वेगळे असते आणि ते जाणकाराकडूनच करून घ्यावे.

कधीकधी या तपासात वेगळेच काही आढळते. दोन्ही नळ्या आत जाण्याऐवजी एका तुकड्याने एकमेकींना जोडलेल्या असतात. जाळी गळू लागली की ती बदलण्यासाठी अनेक गाड्यांत संपूर्ण डॅशबोर्ड उतरवावा लागतो. त्यापेक्षा नळ्या परस्पर जोडून हीटरच बाद करण्याचा सोपा मार्ग काही गॅरेजांत पत्करला जातो. मुंबईत किंवा कोकणात राहणाऱ्या मालकाला त्याचा पत्ताही लागत नाही.

वापराअभावी व्हॉल्व्ह आणि झडप घट्ट बसणे हाही उष्ण प्रदेशातीलच रोग. महिन्यातून एकदा, मे महिन्यातसुद्धा, दोन मिनिटे हीटरचे बटण एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे फिरवावे. ब्लोअरची हवाच येत नसेल तर तो प्रश्न फ्यूज किंवा पंख्याच्या मोटरचा आहे. त्याचा कूलंटशी संबंध नाही.

धुक्यात गाडी थांबली तर

सिवनीच्या अलीकडचा कुरईचा घाट असो की सिहोरा-मझौलीचा रस्ता, पहाटेच्या वेळी गॅरेज उघडे मिळणे कठीणच. इंजिन ठीक असून केवळ हीटर बंद असेल, तर काच स्वच्छ ठेवण्यासाठी एअर कंडिशनर लावावा. थंडीत हा सल्ला विचित्र वाटतो, परंतु एअर कंडिशनर हवेतील बाष्प काढून घेतो. हवेचा झोत काचेकडे वळवावा, आतलीच हवा फिरविण्याचे बटण बंद ठेवावे आणि मागच्या खिडक्या बोटभर खाली कराव्यात. थंडी सोसावी लागेल, पण रस्ता दिसेल.

हीटर चालत नाही म्हणून गाडीत निखाऱ्यांची शेगडी ठेवण्याचा प्रकार जीवघेणा आहे. बंद काचा आणि चालू इंजिन अशा स्थितीत गाडीत झोपणेही तितकेच धोक्याचे. दोन्हींतून कार्बन मोनॉक्साइड साचू शकतो. त्याला रंग नाही, वास नाही; झोपलेल्या माणसाला तो जागे होण्याची संधीही देत नाही. डोके दुखणे, मळमळणे किंवा गुंगी येणे यांपैकी काहीही जाणवले तर इंजिन बंद करून सर्वांनी तत्काळ बाहेर पडावे.

काटा चढत असेल आणि गाडी लगेच थांबविणे शक्य नसेल, तर एअर कंडिशनर बंद करून हीटर पूर्ण गरमवर व पंखा पूर्ण वेगात लावावा. गरम हवा आली तर कूलंट अजून फिरत आहे आणि इंजिनातील थोडी उष्णता त्या वाटेने बाहेर पडत आहे; थांबण्याजोग्या जागेपर्यंत तेवढा अवधी मिळतो. हवा थंड आली तर तो अवधी नाही. पुढचे एक-दोन किलोमीटरसुद्धा इंजिनाचे हेड वाकण्यास पुरेसे ठरू शकतात. रस्त्याच्या पूर्ण बाहेर थांबावे, इशाऱ्याचे दिवे लावावेत आणि धुके असेल तर प्रवाशांना गाडीपासून दूर, रस्त्यापलीकडे न जाता, सुरक्षित कडेला उभे करावे. मेकॅनिक आल्यावर हवा नेमकी केव्हा थंड झाली, त्या वेळी काटा कोठे होता आणि गेल्या काही दिवसांत किती पाणी घातले होते, एवढे त्याला सांगावे. दोष कोठे शोधायचा, हे त्याला त्यावरून बरेचसे कळते.